पुनःसंयोजित मानवी इंटरल्यूकिन-६ ग्राही

इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनला (पेशींदरम्यान संदेश नेणाऱ्या प्रथिनाला) पकडणाऱ्या मानवी ग्राही प्रथिनाचा पेशीबाहेरील भाग. त्याचे जनुक दुसऱ्या पेशींत घालून हे प्रथिन बनवून घेतात आणि शुद्ध करून प्रयोगशाळेत वापरतात. ते पाण्यात विरघळते, म्हणून त्याला विद्राव्य ग्राही असेही म्हणतात. त्याच्या कुपीवर ‘केवळ संशोधनासाठी’ अशी सूचना असते. ते औषध नव्हे.

या ग्राहीचे जनुक ओसाका विद्यापीठात तदामित्सु किशिमोतो यांच्या गटाने १९८८ साली वेगळे केले. मानवात ते पहिल्या गुणसूत्रावर आहे. संपूर्ण प्रथिन ४६८ अमिनो आम्लांचे असून त्यातील पहिली १९ संकेत-साखळी (प्रथिनाला पेशीपटलाच्या वाटेला लावणारा तुकडा) म्हणून कापली जातात. पेशीपटलाच्या आतले शेपूट अवघे ८२ अमिनो आम्लांचे आहे आणि त्याच्याकडून आत संदेश जात नाही. ते काम जीपी-१३० हे दुसरे प्रथिन करते. इंटरल्यूकिन-६ एकटे जीपी-१३०ला चिकटत नाही. आधी ते ग्राहीला बिलगते, मग ही जोडी जीपी-१३०ला गाठते. प्रत्येकी दोन अशा सहा रेणूंचा संकुल बनला की जीपी-१३०ला आतून जोडलेली जॅक विकरे जागी होतात आणि स्टॅट-३ हे जनुके चालू करणारे प्रथिन केंद्रकाकडे निघते.

खरे वैशिष्ट्य पुढेच आहे. जीपी-१३० शरीरातील जवळपास सर्व पेशींवर असते, पण इंटरल्यूकिन-६ ग्राही मुख्यतः यकृतपेशींवर आणि काही पांढऱ्या रक्तपेशींवरच आढळतो. तरीही ज्या पेशींवर हा ग्राही मुळीच नाही, त्यांनाही संदेश पोहोचू शकतो. ॲडम-१७ हे विकर ग्राहीचा बाहेरचा भाग पेशीपटलाजवळ कापते. सुटलेला तुकडा इंटरल्यूकिन-६ला घेऊन कोणत्याही पेशीच्या जीपी-१३०वर जाऊन बसतो. याला पार-संदेशन म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ श्टेफान रोझ-योन यांनी या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. पुष्कळ विद्राव्य ग्राही आपल्या सायटोकाइनला अडवून धरतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दुसऱ्या सायटोकाइनचा विद्राव्य ग्राही तसाच वागतो आणि इटॅनरसेप्ट हे औषध त्याच तत्त्वावर बेतलेले आहे. इंटरल्यूकिन-६च्या बाबतीत उलटे घडते: विद्राव्य ग्राही घातला की संदेश वाढतो. हा भेद लक्षात न घेता त्याला अवरोधक समजून वापरले तर निष्कर्षच उलटा निघेल.

निरोगी माणसाच्या रक्तद्रवातही हे प्रथिन दर मिलिलिटरला दहाच्या काही पटींत नॅनोग्रॅम इतके असते. म्हणून प्रयोगात किती ग्राही घालायचा हे ठरवताना हा नैसर्गिक साठा डोळ्यांपुढे असावा.

उत्पादनासाठी मानवी मूत्रपिंडापासून मिळवलेल्या एचईके-२९३, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या किंवा कीटकांच्या पेशी वापरतात. साखळीचे गणिताने येणारे वजन ४० किलोडाल्टनच्या आसपास असले, तरी सस्तन पेशींत बनलेल्या प्रथिनाची पट्टी जेलवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) त्याहून वर दिसते. हे अशुद्धतेचे लक्षण नव्हे; साखळीला जोडलेल्या शर्करांमुळे असे होते. शुद्धीकरण सोपे व्हावे म्हणून टोकाला हिस्टिडिनची शेपटी किंवा प्रतिपिंडाचा एफसी भाग (त्याचा बुडखा) जोडतात. एफसीमुळे रेणू जोडीने वावरतात. त्यामुळे बंधनाची ताकद मोजताना आकडा प्रत्यक्षाहून घट्ट येऊ शकतो, आणि अशा मोजमापासाठी हिस्टिडिनची शेपटी असलेले रूप निवडणे अधिक चांगले.

सर्वांत जास्त जपावे ते एंडोटॉक्सिनला. जिवाणूंच्या भित्तिकेतील हा पदार्थ थोडासा जरी मिसळला, तरी बृहद्भक्षक पेशी स्वतःच इंटरल्यूकिन-६ सोडू लागतात. मग दिसणारा परिणाम ग्राहीचा की घाणीचा, हे सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक खेपेचे लिम्युलस चाचणीतील (एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या चाचणीतील) मूल्य पाहावे. प्रथिन सहसा गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात मिळते. विरघळवल्यावर त्याचे लहान लहान वाटे करून गोठवतात, कारण पुन्हा पुन्हा गोठवल्या-वितळवल्याने त्याची क्रियाशीलता घटते.

जैविक क्रियाशीलता तपासण्यासाठी उंदराच्या एम-१ रक्तकर्कपेशी वापरतात: इंटरल्यूकिन-६ त्यांची वाढ रोखते आणि विद्राव्य ग्राही जोडीला असला की हा परिणाम वाढतो. मानवी इंटरल्यूकिन-६ उंदराच्या पेशींवर चालते, म्हणून ही चाचणी शक्य होते. उंदराचे मात्र मानवी पेशींवर चालत नाही. याखेरीज एलायझा या प्रतिपिंडांच्या मदतीने प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत प्रमाण म्हणून आणि नव्या प्रतिपिंडांची पारख करण्यासाठीही या प्रथिनाची गरज पडते. याच ग्राहीला रोखणारे टोसिलिझुमॅब हे प्रतिपिंड जपानमध्ये २००५ साली कॅसलमन रोगासाठी (लसिकाग्रंथी वाढण्याच्या एका दुर्मीळ रोगासाठी) मंजूर झाले आणि पुढे संधिवाताभ संधिशोथात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये) रुळले.

पार-संदेशन दाखवू पाहणाऱ्या प्रयोगात चार नळ्या तरी लागतात: एकीत फक्त इंटरल्यूकिन-६, दुसरीत फक्त ग्राही, तिसरीत दोन्ही आणि चौथीत दोन्हींसह विद्राव्य जीपी-१३०. हे शेवटचे प्रथिन संकुलाला पेशीवर पोहोचू देत नाही. तिसऱ्या नळीत उजळलेला स्टॅट-३चा संकेत चौथीत मावळला, तरच तो पार-संदेशनाचा मानावा.