किर्लोस्करवाडी

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, कुंडल गावाजवळ वसलेली औद्योगिक वसाहत. पुणे–मिरज लोहमार्गावर याच नावाचे स्थानक आहे. ते पूर्वी ‘कुंडल रोड’ म्हणून ओळखले जाई.

वाडी वसली ती अडचणीतून. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना बेळगावात होता. शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव आपल्या सहकाऱ्यांसह येथे आले.

माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. कामगारांनी आधी काटे तोडून जमीन मोकळी केली. यंत्रे, भट्टी व राहती घरे पुढे उभी राहिली. सुरुवातीच्या दिवसांत लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी साऱ्यांच्या जेवणाचा भार उचलला. वाडीचा इतिहास सांगताना कारखान्याचेच कौतुक होते. पण बायकामुलांसह त्या माळावर राहायला धजावलेल्या कुटुंबांचा वाटा त्याहून कमी नाही, कारण माणसे टिकली म्हणून कारखाना टिकला. वसाहतीची व्यवस्था लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा पाहत. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर ही पहिल्या पिढीतील मंडळी.

वाडीने अस्पृश्यता मानली नाही, ही त्या काळी ग्रामीण भागात फार मोठी गोष्ट होती. राखणीचे काम तर शिक्षा भोगलेल्या तुकाराम रामोशीसारख्या माणसांवर विश्वासाने सोपवले होते.

पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा जुन्या तोफा विकत घेऊन वितळवल्या गेल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० मध्ये कारखान्याची ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही मर्यादित भागभांडवली कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या बातम्या देणारे हे पत्रक वाढत वाढत मराठीतील महत्त्वाचे मासिक झाले. ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिकेही याच प्रकाशनगृहाची.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत कारखान्याची मोठी हानी झाली. तो पुन्हा उभारण्यात आला. पंपनिर्मिती येथे आजही चालते.