रंगवलेल्या केसांची घरगुती निगा (बेळगाव सीमाभाग)

मेंदी, नीळ किंवा रासायनिक डायने केस रंगवल्यानंतर रंग टिकावा, केस राठ होऊ नयेत व टाळूला इजा पोहोचू नये म्हणून घरच्या घरी केले जाणारे धुणे, तेल लावणे, मुळांशी पुन्हा रंग भरणे इत्यादी उपचार. प्रस्तुत नोंद १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलेल्या बेळगाव जिल्ह्यातील मराठी वस्ती डोळ्यासमोर ठेवून केली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी हे तालुके आणि पूर्वेकडील चिकोडी, रायबाग, अथणी यांतील पाण्याची तऱ्हा सारखी नाही आणि या विषयात पाण्याला शाम्पूइतकेच, बहुधा अधिक, महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : भारतात केस रंगवण्याची सुरुवात कोणत्या द्रव्याने झाली याविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात पहिला मान मेंदीला (लॉसोनिया इनर्मिस) दिला जातो. त्यासाठी आयुर्वेदीय ग्रंथांतील ‘मदयन्तिका’ या वनस्पतीचा दाखला देतात. परंतु काही कोशकारांनी तिचा अर्थ मोगरा असा घेतला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मेंदीच्या इतिहासाची साधने एकत्र केली, तरी वनस्पतीच्या ओळखीचा वाद पुरता मिटला असे म्हणवत नाही. याउलट वराहमिहिराच्या (साधारणपणे इ. स. सहावे शतक) बृहत्संहितेतील गंधयुक्ती प्रकरणात केस काळे करण्याची कृती नि:संदिग्ध शब्दांत आली आहे आणि तीत मेंदी नाही. कोद्रूचे (हरीक) तांदूळ लोखंडी भांड्यात आंबट द्रवात लोहचूर्णासह शिजवून बारीक वाटावेत, केस आंबट द्रवाने भिजवून त्यांवर हा लेप द्यावा आणि डोके रुईच्या पानांनी गुंडाळून दोन प्रहर, म्हणजे सुमारे सहा तास, बसावे. त्यानंतर लेप काढून आवळ्याचा लेप द्यावा व पुन्हा दोन प्रहर पानांनी झाकून धुवावे, म्हणजे केस काळे होतात. लोहाचा आवळ्यातील टॅनिन या तुरट द्रव्यांशी संयोग होऊन काळे संयुग बनते. जुनी काळी शाई याच विक्रियेने तयार होत असे. पुढच्याच श्लोकात लोहाचा व आंबटाचा वास घालवण्यासाठी शिरःस्नान करून सुगंधी तेल लावावे असे सांगितले आहे. रंगानंतरची निगा हा कृतीचाच भाग मानला गेला होता, हे यावरून दिसते. डोक्याच्या केसांपुरते पाहता लोह व आवळा ही जोडी मेंदीहून जुनी धरणे अधिक सुरक्षित वाटते. आजही आवळकाठी घालून मेंदी रात्रभर लोखंडी कढईत भिजवतात ती याच रसायनशास्त्राच्या आधारावर, मग भिजवणाऱ्याला वराहमिहिर ठाऊक असो वा नसो.

सीमाभागातील केशरंजनाविषयी त्यानंतरचा लिखित पुरावा तुटपुंजा आहे. पाकिटातील पावडर डाय व पार्लरमधील क्रीम कलर येथे इतर ठिकाणांप्रमाणेच रुळले आहेत.

केसावर होणारा परिणाम : मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य (सुक्या पानांत साधारण १ टक्का) केसातील केराटिन या प्रथिनाशी थेट जोडले जाते. त्यासाठी अमोनिया वा पेरॉक्साइड लागत नाही. कायमस्वरूपी डायची गोष्ट वेगळी. ऑगस्ट हॉफमान या जर्मन रसायनज्ञाने १८६३ मध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीन (पीपीडी) या पदार्थाचे रंजक गुण नोंदवले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिसमध्ये युजेन श्यूलर यांनी कृत्रिम केशरंग बाजारात आणले. आजच्या बहुतेक डायचा आधार पीपीडी किंवा त्याचे सगोत्र पदार्थ हेच आहेत. अल्कधर्मी मिश्रणाने केस फुगतो, बाहेरचे खवले उचलले जातात, रंगाचे लहान रेणू आत शिरतात आणि पेरॉक्साइडमुळे ते तेथेच मोठे होऊन अडकतात. पार्लरच्या भाषेत ‘ट्वेंटी व्हॉल्यूम’ म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड व ‘फॉर्टी’ म्हणजे १२ टक्के. ‘अमोनिया नाही’ असे छापलेल्या डायमध्ये बहुधा मोनोइथेनॉलअमीन हा दुसरा अल्कधर्मी पदार्थ असतो. वास कमी येतो, पण मिश्रण अल्कधर्मीच राहते.

या प्रक्रियेत केसाच्या पृष्ठभागावरील १८-मिथिलआयकोसॅनोइक आम्ल हा स्निग्ध थर निघून जातो. मूळचा केस पाणी झटकतो, रंगवलेला शोषून घेतो. शिवाय केराटिनातील गंधकयुक्त बंध काही प्रमाणात तुटून केसावर ऋणभारित जागा वाढतात आणि त्या पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व तांबे धरून ठेवतात. निगेचे बहुतेक नियम या दोन गोष्टींतून निघतात.

पाणी : बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप व घटप्रभेवरील हिडकल या जलाशयांचे पाणी मिळते. पावसावर भरणारे असे पाणी सहसा मऊ असते. खानापूरच्या घाटाकडील ओढ्यांचेही तसेच. पूर्वेकडे पाऊस कमी होतो व बोअरच्या पाण्यावरचा भार वाढतो. पूर्वी गोकाक तालुक्यात असलेल्या यादवाडच्या बाजूला तर कलादगी या खडकसमूहातील चुनखडक आहे. तेथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला तो त्यामुळेच. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य व दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगी मानली जाते. साबणाचा फेस होत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते पाणी रंगवलेल्या केसांना जड हे घरोघरी ओळखता येते. अशा ठिकाणी शेवटचे धुणे तरी साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या पाण्याने करावे.

रंग उतरण्याचे खापर बहुधा शाम्पूतील सल्फेटवर फोडले जाते. प्रयोगांचा कल मात्र निराळा आहे : नुसत्या पाण्यात केस फुगल्यानेही बराच रंग निघून जातो, सल्फेटची भर त्यामानाने कमी. त्यामुळे महाग शाम्पू घेण्यापेक्षा धुण्याचे दिवस कमी करणे व पाणी कोमट ठेवणे अधिक फलदायी मानावे. तांब्याच्या बंबाचा मुद्दा येथे निघतो. तांब्याचे अंश रंगवलेल्या केसात साचले, तर पुढच्या खेपेला पेरॉक्साइडशी विक्रिया होऊन केसाची झीज वाढते. बंबात रात्रभर राहिलेले पाणी डोक्यावरून घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लोखंडी कढईतील मेंदीनंतर लगेच पेरॉक्साइडचा डाय लावू नये, यामागचे कारणही जवळचे आहे. धातूंच्या अंशांमुळे पेरॉक्साइडचे विघटन वेगाने होते.

धुणे व तेल : अंगाच्या साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० असतो आणि कठीण पाण्यात त्याचा चिकट साका केसावर बसतो. शिकेकाई व रिठ्यातील सॅपोनिन या फेसाळ द्रव्यांचा असा साका होत नाही आणि शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मीही असतो. मात्र पूड नीट गाळली नाही तर कण केसावर घासतात. शेवटी तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ते ओतल्यास खवले बसतात व चकाकी येते.

धुण्यापूर्वी तेल लावण्याची येथील रीत प्रयोगांतही टिकली आहे. मुंबईत झालेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसातील प्रथिनांची गळती कमी झाली, तर सूर्यफूल व खनिज तेलाने झाली नाही. लॉरिक आम्लाचा आखूड, सरळ रेणू केसात शिरतो, हे त्याचे स्पष्टीकरण. पूर्वेकडे वापरले जाणारे करडईचे तेल सूर्यफुलाप्रमाणे लिनोलेइक आम्लप्रधान असल्याने ते वरवरच राहावे. मेंदीच्या आधी मात्र तेल नको, रंग धरत नाही.

मुळांशी रंग : केस महिन्याला सुमारे १ सेंमी वाढतो. पांढरी मुळे दिसू लागली की संपूर्ण केसांना पुन्हा डाय फासण्याची सवय सर्रास आढळते आणि टोके फाटण्यास बऱ्याच अंशी तीच कारण होते. डाय नव्या वाढीवरच लावावा.

चिंचलीची मायाक्का व सौंदत्तीची यल्लमा यांच्या यात्रांत भंडारा उधळला जातो. हळदीतील कर्क्युमिन सच्छिद्र केसावर लगेच बसते. उजळ केलेल्या किंवा पांढऱ्या केसांवर ते अधिक दिसते. जाण्यापूर्वी तेल लावून केस बांधल्यास डाग कमी बसतो. बसलाच तरी कर्क्युमिन उन्हात टिकत नसल्याने तो आपोआप फिकटतो.

सुरक्षितता : पीपीडीमुळे काहींना तीव्र त्वचादाह होतो. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही बहुधा पीपीडी असते, त्यामुळे नावावर विसंबू नये. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीनुसार डायच्या वेष्टनावर इशारा आणि आत इंग्रजी व स्थानिक भाषांत सूचना देणे बंधनकारक केले गेले. त्या सूचनांप्रमाणे कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा डाय लावून २४ तास थांबावे लागते. ही चाचणी एकदा करून भागत नाही, प्रत्येक वेळी करायची असते, कारण अनेक वर्षांच्या वापरानंतरही वावडे निर्माण होऊ शकते. भुवया व पापण्यांना डाय लावल्यास दृष्टी जाऊ शकते असा इशाराही त्याच नियमावलीत दिला गेला. पीपीडीयुक्त डाय पोटात गेल्यास घसा व मान सुजून श्वास अडतो आणि पुढे स्नायू व मूत्रपिंडांना इजा होते. दक्षिण भारतातील वैद्यकीय नियतकालिकांत अशी अनेक प्रकरणे नोंदली गेली आहेत. अशा वेळी घरगुती उतारे न करता श्वासनलिकेची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात तत्काळ न्यावे लागते.