होकायंत्राच्या बत्तीस दिशांची उजळणी

होकायंत्राच्या तबकडीवरील ३२ दिशा उत्तरेपासून सुरू करून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत, एकही न गाळता पुन्हा उत्तरेपर्यंत तोंडपाठ म्हणण्याचा दर्यावर्दी प्रघात. इंग्रजी बोलणारे खलाशी याला ‘बॉक्सिंग द कंपास’ म्हणतात. शिडाच्या जहाजांच्या काळात नव्या पोराला जहाजावर जी पाठांतरे करावी लागत, त्यांतले हे सर्वांत महत्त्वाचे. आजही शिडाची जहाजे चालवायला शिकणारी मुले ही उजळणी खेळ म्हणून आवडीने म्हणतात.

३६० अंशांचे वर्तुळ निम्मे-निम्मे करत गेले की ही यादी आपोआप उभी राहते. आधी चार मुख्य दिशा, त्यांच्या मधोमध चार उपदिशा, त्या आठांच्या मधोमध आणखी आठ आणि मग या सोळांच्या मधोमध सोळा. प्रत्येक भाग सव्वा अकरा अंशांचा. खलाशी त्याला ‘पॉइंट’ म्हणतात. या नोंदीत ‘घर’ म्हटले आहे. हा शब्द समुद्राला अगदीच परका नाही. हवाई बेटांवरील नाविक नैनोआ थॉम्पसन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे तारा-होकायंत्र मांडले, त्याचेही बत्तीसच भाग आहेत आणि त्यांना तेथे ‘घरे’च म्हणतात. तारे त्या घरांतून उगवतात आणि त्यांतच मावळतात.

उत्तर ते पूर्व हा पहिला चतुर्थांश मोठ्याने म्हणून पाहावा : नॉर्थ, नॉर्थ बाय ईस्ट, नॉर्थ-नॉर्थ-ईस्ट, नॉर्थ-ईस्ट बाय नॉर्थ, नॉर्थ-ईस्ट, नॉर्थ-ईस्ट बाय ईस्ट, ईस्ट-नॉर्थ-ईस्ट, ईस्ट बाय नॉर्थ, ईस्ट. कान दिला तर लक्षात येते की ‘बाय’ बरोबर एक घर सोडून एक घर येतो, भजनातल्या टाळासारखा. पाठांतराला सगळ्यात मोठा आधार या ठेक्याचाच. ‘बाय’च्या आधी फक्त आठ मोठ्या दिशांपैकीच एखादी येते आणि त्याच्यानंतर फक्त चार मुख्य दिशांपैकीच एक. ‘नॉर्थ-नॉर्थ-ईस्ट बाय ईस्ट’ असे घर तबकडीवर नाहीच, पण घाईत बोलणारा नवखा हमखास तेथेच जाऊन अडकतो. नियम कळलेला आणि नुसते घोकलेला यांच्यातला फरक या एका ठिकाणी उघडा पडतो.

म्हणूनच ही उजळणी सरळ म्हणता आली म्हणजे झाले, असे कोणी मानत नाही. ती उलटी म्हणायला लावतात. मधलेच एखादे घर देऊन तेथून पुढे जायला सांगतात. ‘याच्या समोरचे घर कोणते?’ असे विचारतात, आणि मला स्वतःला या खेळातला हा सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. अंशांत उत्तर काढायचे तर १८० मिळवावे किंवा वजा करावे लागतात. शब्दांत मात्र प्रत्येक शब्दाच्या जागी त्याचा विरुद्ध शब्द ठेवला की काम झाले. ‘नॉर्थ-ईस्ट बाय नॉर्थ’च्या समोर ‘साउथ-वेस्ट बाय साउथ’. आकडेमोड नाही, चूक होण्याची जागा नाही.

जहाजावर यातला प्रत्येक शब्द रोज लागे. आडवी चौकोनी शिडे असलेले जहाज वाऱ्याच्या तोंडाला साधारण सहा घरांपेक्षा जवळ जाऊ शकत नसे. वारा ठीक उत्तरेकडून येत असेल तर उत्तरेपासून सहा घरे मोजायची : एका बाजूला ईस्ट-नॉर्थ-ईस्ट, दुसऱ्या बाजूला वेस्ट-नॉर्थ-वेस्ट. उत्तरेकडचे बंदर गाठायचे तर याच दोन दिशांमध्ये नागमोडी जायचे आणि प्रत्येक वळणावर नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, बारा घरे फिरवायची. उजळणी पाठ असलेल्या खलाशाला हे उत्तर शोधावे लागत नसे, ते जिभेवरच असे. सोसाट्याच्या वाऱ्यात हुकूम ऐकू यावा म्हणून ‘नॉर्थ’, ‘साउथ’मधला ‘थ’ गिळला जाई. ‘नॉर-नॉर-ईस्ट’, ‘साउ-वेस्ट’ असेच बोलले जाई. मागच्या बाजूला लांब काठ असलेल्या, खलाशांच्या पावसाळी टोपीला ‘साउवेस्टर’ म्हणतात, तोही हाच उच्चार.

लिहिता-वाचता न येणाऱ्या सुकाण्यासाठी तबकडीच बोलकी केलेली असे. मोठ्या दिशांचे किरण लांब, लहान दिशांचे आखूड आणि उत्तरेवर लिलीच्या फुलाचे चित्र. त्याच्या जोडीला एक लाकडी फळी असे. तिच्या मध्यापासून ३२ ओळी बाहेर निघत आणि प्रत्येक ओळीवर आठ भोके असत. चार तासांची पाळी, अर्ध्या तासाचे वाळूचे घड्याळ, म्हणून आठ. वाळू संपली की घड्याळ उलटायचे आणि त्या अर्ध्या तासात जहाज ज्या घरावर चालले त्या ओळीच्या पुढच्या भोकात दोरीला बांधलेली खुंटी खोचायची. पाळी संपली की आठ खुंट्या पाहून चार तासांचा मार्ग नकाशावर उतरवता येई, एक अक्षरही न लिहिता.

बत्तिसांची मोजणी जुनी आहे. इंग्रज कवी जेफ्री चॉसर याने १३९१च्या सुमारास यंत्रराजावर, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायच्या ‘अ‍ॅस्ट्रोलेब’ या उपकरणावर, लिहिलेल्या ग्रंथात, खलाशी क्षितिजाचे ३२ भाग करतात, अशी नोंद केली आहे. भूमध्य समुद्रात दिशांना वाऱ्यांची नावे होती : उत्तरेला त्रामोंताना, ईशान्येला ग्रेको, पूर्वेला लेवांते, आग्नेयेला सिरोक्को. अधल्यामधल्या घरांसाठी इटालियन खलाशी ‘क्वार्ता’ हा शब्द वापरत, म्हणजे चौथा हिस्सा. फ्रेंचांनीही तोच ‘कार’ असा घेतला. इंग्रजीतले ‘नॉर्थ बाय ईस्ट’ फ्रेंचमध्ये ‘उत्तर पाव ईशान्य’ होते : उत्तरेपासून ईशान्येपर्यंतच्या ४५ अंशांपैकी पाव वाट चाललेले. ज्यांच्या शाळेत पावकी-निमकी घोकून घेतली जाई, त्या मराठी माणसाला इंग्रजी ‘बाय’पेक्षा हा ‘पाव’ कितीतरी लवकर कळेल. पुढे प्रत्येक घराचेही चार भाग झाले आणि वर्तुळाची १२८ पाव-घरे पडली, प्रत्येक २ अंश ४८ कला ४५ विकलांचे. हुशार पोराला तीही म्हणायला लावत.

अरबी समुद्रातली बत्तिशी वेगळ्या वाटेने जाते. पंधराव्या शतकातले जुल्फारचे (आजच्या रास अल-खैमाजवळच्या बंदराचे) अरब नाविक अहमद इब्न माजिद यांच्या लेखनात घरांना ताऱ्यांची नावे आहेत. उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा ध्रुव ही दोन घरे, आणि त्यांच्यामध्ये पंधरा नावे पूर्वेला व तीच पंधरा पश्चिमेला. पूर्वेकडच्या नावाला ‘मतला’ म्हणजे उगवती आणि पश्चिमेकडच्याला ‘मगीब’ म्हणजे मावळती जोडायचे. नावे आपल्या ओळखीचीच निघतात. उत्तरेकडून खाली येताना ध्रुवमत्स्यातली जोडी, सप्तर्षी, शर्मिष्ठा, ब्रह्महृदय, अभिजित, स्वाती, कृत्तिका, पूर्वेला श्रवण, तेथून दक्षिणेकडे मृग, व्याध, अनुराधा, ज्येष्ठा, मित्र-मित्रक, अगस्त्य आणि अग्रनद. तारे काही सव्वा अकरा अंशांच्या हिशेबाने उगवत नाहीत. श्रवणसुद्धा ठीक पूर्वेला न उगवता काही अंश उत्तरेकडे उगवतो. पण घराचे नाव म्हणून ते पक्के झाले. चौल, दाभोळच्या बंदरांत अरबांची गलबते येत-जात होती. कोकण किनाऱ्यावर जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे उगवतीकडून वाहणाऱ्या वाऱ्याला ‘मतलई’ म्हणतात आणि शाळेच्या भूगोलात तो ‘खाऱ्या’ वाऱ्याबरोबर येतो. ‘मतला’ आणि ‘मतलई’ हे शब्द एकदा शेजारी ठेवून पाहावेत.

विसाव्या शतकात, चुंबकाऐवजी वेगाने फिरणाऱ्या चक्रावर चालणारे जायरो होकायंत्र आले आणि दिशा तीन आकड्यांत सांगणे रूढ झाले : ईशान्य म्हणजे ‘झीरो-फोर-फाइव्ह’. हुकूम बिनचूक झाले, हे खरेच. तरी जुनी घरे पुसली गेली नाहीत, आणि त्याचा पुरावा रोज रात्री समुद्रावर दिसतो. १९७२च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनुसार जहाजाचा डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांतून दिसला पाहिजे, मागचा पांढरा दिवा १३५ अंशांतून आणि डोलकाठीवरचा २२५ अंशांतून. हे आकडे विचित्र वाटतात ते अंशांत मोजल्यामुळे. घरांत मोजले तर दहा, दहा, बारा आणि वीस. लाल, हिरवा आणि मागचा मिळून पूर्ण बत्तीस.

मराठीत आठ दिशांना स्वतःची नावे आहेत आणि ती जोडशब्द नाहीत. आग्नेय अग्नीची, नैऋत्य निर्ऋतीची, वायव्य वायूची, ईशान्य ईशानाची. सोळापर्यंतची सोय जोडनावांनी झाली आहे. चक्रीवादळ पणजीच्या ‘पश्चिम-नैऋत्येस’ आहे, असे आपण बातम्यांत ऐकतो. उरलेल्या सोळा घरांना मात्र मराठीत रूढ नाव नाही. ‘बाय’ उचलून आणण्यापेक्षा पावकीतला ‘पाव’ घेतला तर उजळणी अशी होईल : उत्तर, उत्तर पाव ईशान्य, उत्तर-ईशान्य, ईशान्य पाव उत्तर, ईशान्य, ईशान्य पाव पूर्व, पूर्व-ईशान्य, पूर्व पाव ईशान्य, पूर्व. ठेका टिकतो, आणि समोरच्या घराची युक्तीही चालते : ‘ईशान्य पाव उत्तर’च्या समोर ‘नैऋत्य पाव दक्षिण’.