जुन्या ट्रॅक्टरचे वय ओळखणे

शेतीचा एखादा जुना ट्रॅक्टर कारखान्यातून कोणत्या वर्षी बाहेर पडला, हे त्याच्यावरचे क्रमांक, ओतीव भागांवरच्या खुणा, यांत्रिक रचना, रंग आणि कागदपत्रे यांचा मेळ घालून ठरवण्याची पद्धत. योग्य सुटे भाग मिळवणे, ट्रॅक्टर मूळ रूपात दुरुस्त करणे, त्याची किंमत ठरवणे आणि नोंदणी करणे, या सगळ्यासाठी हे वर्ष लागते. मोटारीच्या मानाने हे काम अवघड असते. ट्रॅक्टर पन्नास-साठ वर्षे शेतात राबतो. तेवढ्या काळात त्याचे इंजिन बदललेले असते, मडगार्ड दुसऱ्या मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचे बसवलेले असते आणि पत्र्यावर हाताशी असेल तो रंग चढलेला असतो. त्यामुळे कोणता भाग मुळातला आणि कोणता नंतर आलेला, याचा निवाडा आधी करावा लागतो. वर्षाचा प्रश्न त्यानंतरचा.

तीन वेगळे क्रमांक

जुन्या ट्रॅक्टरवर साधारणपणे तीन जातींचे क्रमांक आढळतात. त्या-त्या ट्रॅक्टरचा स्वतःचा अनुक्रमांक, इंजिनाचा क्रमांक आणि ओतीव भागाचा क्रमांक. यातला तिसरा सर्वांत फसवा. तो साच्यातच असतो, म्हणून लोखंडावर उठावदार आणि ठळक दिसतो. चिखल-ग्रीस पुसताच नजर आधी त्याच्यावर जाते आणि पुष्कळ जण तोच ट्रॅक्टरचा नंबर म्हणून लिहून घेतात. प्रत्यक्षात तो त्या भागाच्या नमुन्याचा क्रमांक असतो आणि त्याच साच्यातून निघालेल्या हजारो भागांवर तो जसाच्या तसा असतो. अनुक्रमांक मात्र पोलादी ठशाने खोल ठोकलेला असतो, किंवा रिव्हेटने बसवलेल्या धातूच्या पट्टीवर असतो. हाताने ठोकलेले आकडे बहुधा एका ओळीत नीट बसत नाहीत. एखादा वर सरकतो, एखादा तिरका पडतो. फार सुबक, एकसारखे आकडे दिसले तर पट्टी नंतर बनवून बसवलेली असण्याची शक्यता तपासावी. मूळ रिव्हेटच्या जागी स्क्रू दिसले तरीही तसेच.

अनुक्रमांक हाती लागला की तो कंपनीच्या वर्षवार यादीशी ताडून पाहतात. या याद्यांत प्रत्येक वर्षाचा पहिला क्रमांक दिलेला असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अनेक कंपन्यांचे ‘मॉडेल वर्ष’ जानेवारीत सुरू होत नसे, आधीच्या वर्षाच्या अखेरीस सुरू होई. त्यामुळे यादीतले १९५० म्हणजे कॅलेंडरातले १९४९ असू शकते.

काही कंपन्यांच्या क्रमांकातच वर्ष दडलेले असते. अमेरिकेतील केस कंपनीच्या १९४० च्या दशकातील सात आकडी क्रमांकांत पहिल्या दोन आकड्यांतून ४ वजा केले की वर्ष निघते. क्रमांक ४५ ने सुरू होत असेल तर १९४१, ५१ ने सुरू होत असेल तर १९४७. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या आणि पाच लाखांहून अधिक संख्येने निघालेल्या फर्ग्युसन टीई२० या करड्या ट्रॅक्टरवर पट्टी डॅशबोर्डवर असते. तिच्यावरची अक्षरेही बोलकी असतात. तिसरे अक्षर ए असेल तर स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन, डी असेल तर रॉकेलसारख्या हलक्या तेलावर चालणारे आणि एफ असेल तर डिझेल. डिझेल इंजिन या मालिकेत १९५१ मध्ये आले. तेव्हा ‘टीईएफ’ पट्टीचा ट्रॅक्टर १९४८ चा आहे असे कोणी सांगितले, तर पुढे काही तपासण्याची गरजच उरत नाही.

फोर्ड एन मालिकेचे उदाहरण

या पद्धतीच्या खाचाखोचा समजून घ्यायला फोर्डच्या एन मालिकेइतके चांगले उदाहरण नाही. हेन्री फोर्ड आणि हॅरी फर्ग्युसन यांच्यात १९३८ मध्ये तोंडी करार झाला आणि त्यातून १९३९ मध्ये ९एन हा ट्रॅक्टर बाजारात आला. १९४२ मध्ये २एन आणि १९४७ मध्ये, करार मोडल्यावर, ८एन आला. ८एनचे उत्पादन १९५२ पर्यंत चालले. या तिघांचा अनुक्रमांक इंजिन ब्लॉकच्या डाव्या बाजूला ठोकलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक तारा असतो. गंमत अशी की २एनवरही क्रमांक ‘९एन’ याच अक्षरांनी सुरू होतो. कंपनीने नाव बदलले, क्रमांकांची ओळ मात्र पुढे तशीच चालू ठेवली. त्यामुळे ‘९एन’ वाचून १९३९ ठरवणारा बेसावध माणूस सात-आठ वर्षांनी चुकू शकतो.

८एन ओळखायला क्रमांकाचीही गरज पडत नाही. ९एन आणि २एनला तीन गिअर, ८एनला चार. पहिल्या दोघांत ब्रेकची पेडल दोन बाजूंना विभागलेली, ८एनमध्ये दोन्ही उजवीकडे. ९एन-२एन सगळे गडद करडे, तर ८एनचे पत्रे फिके करडे आणि इंजिन-गिअरबॉक्सचे ओतीव अंग लाल. या बाह्य खुणांनी मॉडेल पक्के करावे आणि मगच क्रमांकाकडे वळावे.

पुढची पायरी अधिक बारीक आहे. सुरुवातीच्या ८एनमध्ये डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटून देणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी, पंख्याच्या मागे अडचणीत बसवलेला होता. १९५० च्या मॉडेलमध्ये, क्रमांक २,६३,८४४ पासून, तो इंजिनाच्या बाजूला आला. आता समजा, ब्लॉकवर सुमारे २,००,००० चा क्रमांक आहे, पण डिस्ट्रिब्युटर बाजूला आहे. तर ही दोन्ही अंगे एकाच दिवशी कारखान्यातून निघालेली नाहीत. आणि क्रमांक ब्लॉकवरच असल्यामुळे, इंजिन बदलले की ट्रॅक्टरची ओळखही इंजिनाबरोबर जाते. मागचे सगळे अंग १९४८ चे आणि क्रमांक १९५१ चा, असे ट्रॅक्टर आजही भरपूर आढळतात. त्यांना खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. बिघडलेले इंजिन काढून चांगले बसवणे हे शेतातले रोजचे काम होते.

ओतीव भागांवरच्या तारखा

अशा वेळी खरी मदत होते ती ओतीव भागांच्या तारखांची. नमुन्याच्या ठळक क्रमांकाशेजारी पुष्कळदा एक लहानसा संकेत असतो, आणि तो भाग कधी तयार झाला हे त्यातून कळते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागांवर महिना आणि दिवस आकड्यांत, तर वर्ष अक्षरात असे. फोर्डने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून वापरलेला संकेत असा: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचे अक्षर, मग तारीख आणि शेवटी पाळीचे अक्षर. महिन्यांसाठी ए म्हणजे जानेवारी, येथून क्रमाने एम म्हणजे डिसेंबर. मधले ‘आय’ एकच्या आकड्यासारखे दिसते म्हणून गाळलेले. ‘७ई१२बी’ असे दिसले तर ते १२ मे, दुसरी पाळी. पण वर्ष १९६७ की १९७७, हे संकेत सांगत नाही. ते मॉडेल, रंग आणि बोनेटच्या आकारावरून ठरवावे लागते.

या तारखा वाचताना एक नियम पाळावा. ट्रॅक्टर त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. ओतकाम आधी होते, मग यंत्रकाम, मग जुळणी. त्यामुळे गिअरबॉक्सचे कवच, मागच्या धुऱ्याचे कवच आणि ब्लॉक यांच्या तारखांत काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा फरक स्वाभाविक असतो. तीन मोठे भाग एकमेकांच्या आसपासचे निघाले, तर ट्रॅक्टर मूळचा आणि त्यांतल्या सर्वांत उशिराच्या तारखेनंतर थोड्याच काळात जुळवलेला, असे खात्रीने म्हणता येते. एकच भाग चार वर्षांनी पुढचा निघाला, तर तो बदललेला. ट्रॅक्टर तोडून दोन तुकडे केल्याशिवाय मागच्या धुऱ्याचे कवच सहजासहजी कोणी बदलत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून त्याचे वजन इंजिनापेक्षा जास्त. लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या डायनॅमो आणि स्टार्टरवरही तारीख ठोकलेली असते, पण ते सुटे होणारे भाग आहेत. टायरवरच्या तारखेने तर फक्त टायरचेच वय कळते.

रचनेतील बदल

पट्टी हरवलेली आणि आकडे गंजलेले असले तरी ट्रॅक्टरची रचना दशक सांगून जाते. हवा भरलेले रबरी टायर शेतीच्या ट्रॅक्टरला अ‍ॅलिस-चामर्सने १९३२ मध्ये दिले. त्याआधीची चाके लोखंडी. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांची लोखंडी चाके पुढे आरे कापून, त्यांना रिम वेल्ड करून रबरी केली गेली. आऱ्यांच्या टोकाशी वेल्डिंगचा जाड सांधा दिसला, की ट्रॅक्टर टायरपेक्षा जुना आहे हे कळते. उलटी फसगतही होते. दुसऱ्या महायुद्धात रबर आणि तांब्याची टंचाई झाली, तेव्हा २एनसारखे ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाके आणि मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगी देणारे यंत्र) लावून विकले गेले. त्यामुळे १९४२ चा ट्रॅक्टर १९३९ च्या ट्रॅक्टरपेक्षा म्हातारा वाटतो.

रेडिएटर आणि स्टिअरिंगचा दांडा उघडा दिसणारे जॉन डिअर ए किंवा बी हे १९३८ च्या आधीचे. त्या वर्षी हेन्री ड्रेफस यांच्या आखणीप्रमाणे त्यांना पुढून जाळीदार पत्रा आला. त्याच कंपनीची आडवी दोन-सिलिंडर इंजिने १९६० च्या सुमारास संपली. हायड्रॉलिक लिफ्ट, पीटीओ (इंजिनाची शक्ती अवजाराला देणारा फिरता दांडा) आणि उलटण्यापासून वाचवणारी चौकट यांवरूनही कालखंड बांधता येतो, पण ही साधने नंतर बसवता येत असल्याने त्यांच्यावर फार भार टाकू नये.

रंग

रंग ही सर्वांत आकर्षक आणि सर्वांत कच्ची खूण. वरचा थर काहीच सिद्ध करत नाही. स्टिअरिंग बॉक्सखाली, पट्टीच्या मागे, बॅटरीच्या पेटीच्या आतल्या बाजूला खरवडून पाहिले तर मूळ थर सापडतो, आणि तो मात्र कामाचा असतो. इंटरनॅशनल हार्वेस्टरचे फार्मॉल १९३६ मध्ये करड्याचे लाल झाले. फोर्डचे फोर्डसन एन इंग्लंडमधल्या डॅगनहॅमच्या कारखान्यात आल्यावर निळे होते, १९३७ मध्ये नारिंगी आणि युद्ध सुरू झाल्यावर हिरवे झाले. फर्ग्युसन ३५ हे १९५६ मध्ये करडे आणि तांबूस-सोनेरी होते. मॅसी फर्ग्युसन नावाखाली तेच लाल-करडे झाले. डेव्हिड ब्राउन कंपनीने १९६५ मध्ये लाल सोडून पांढरा रंग घेतला.

आकडे वाचणे आणि कागदपत्रे

गंजलेले आकडे वाचताना ग्राइंडर कधीही वापरू नये. ठोकलेल्या आकड्याची खोली मिलिमीटरच्या अंशातच असते आणि एकदा घासून गेली की परत येत नाही. मऊ वायर ब्रश आणि केरोसीनने पृष्ठभाग साफ करावा, त्यावर खडू आडवा घासावा आणि बॅटरीचा प्रकाश अगदी कडेने पाडावा. खाचांत सावली धरते आणि समोरून न दिसणारा आकडा उमटतो. ३ आणि ८, १ आणि ७, ५ आणि ६ यांचा घोळ नेहमी होतो, म्हणून दोन्ही वाचनांनी यादी तपासावी.

नोंदणीची तारीख हा पुरावा दुय्यम मानावा. ट्रॅक्टर विक्रेत्याकडे वर्षभर पडून राहिलेला असू शकतो, दुसऱ्या देशातून नंतर आलेला असू शकतो, किंवा रस्त्यावर न नेल्यामुळे कित्येक वर्षे नोंदवलेलाच नसतो. कारखान्याच्या नोंदी टिकल्या असतील तर त्या सर्वांत भरवशाच्या; इंटरनॅशनल हार्वेस्टरचा दप्तरसंग्रह विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत जतन केलेला आहे. निष्कर्ष लिहिताना एकच वर्ष ठोकून देण्याऐवजी ‘मागचे अंग १९४८, ब्लॉक १९५१, पत्रे नंतरचे’ असे भागनिहाय लिहावे. पुढच्या मालकाला त्यावरून योग्य गास्केट आणि योग्य डिस्ट्रिब्युटर मागवता येतो.