निवांत गेमचं पेव

सांगलीत कुणालाही 'काय चाललंय?' विचारा, 'निवांत' हेच उत्तर येतं. हरण्याची धास्ती नसलेल्या, सावकाश खेळायच्या ज्या व्हिडिओ गेमला जगभर कोझी गेम म्हणतात, त्याला यापेक्षा नेमका शब्द मला सापडलेला नाही.

माझी भाची सध्या असाच एक गेम बनवतेय. तिचा पहिलाच. सांगलीजवळच्या हरिपूरचं एक अंगण, उन्हात पसरलेली शिजवलेली हळद, शेजारी पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. हळद उलथायची, संध्याकाळी ढीग करून झाकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं. शत्रू नाही, घड्याळ नाही. "मामा, एवढ्यानं गेम होतो का?" तिनं विचारलं.

होतो, पण हे पटायला गेमवाल्यांना बरीच वर्षं लागली. सुरुवातीचे गाजलेले गेम नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे. गिऱ्हाईक जितक्या लवकर हरेल तितक्या लवकर पुढचं नाणं पडणार. मशीन जाऊन घरात कॅसेटचा गेम आला, तरी तीन जीव आणि 'गेम ओव्हर' सुटलं नाही. आम्हीही कॅसेट फुंकून लावायचो आणि मरायचो.

वळण आलं जपानमधून, आणि तेही गाव सोडून आलेल्या माणसांमुळे. मियाझाकीच्या ग्रामीण भागात वाढलेले यासुहिरो वादा टोकियोत स्थिरावले. मारामारी नसलेला गेम करायचा म्हणून त्यांनी शेती घेतली. १९९६ साली आलेला हा गेम पुढे 'हार्वेस्ट मून' नावानं जगभर गेला. कात्सुया एगुची चिबाहून नोकरीसाठी क्योटोला आले. घरचे आणि मित्र मागे राहिले. त्या एकटेपणातून २००१ साली प्राण्यांच्या गावात शेजारी होऊन राहायचा 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' झाला. त्यातलं घड्याळ खऱ्या वेळेनं चालतं. आपल्याकडे रात्र झाली की तिथंही रात्र. सांगलीहून पुण्याला गेलेल्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२००९ साली फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला. दिसायला शेतीच, पण वेळेत परतला नाहीत तर पीक वाळून जायचं. त्याला मी निवांत म्हणणार नाही. ती रोजंदारी होती.

मग २०१६. एरिक बरोन या अमेरिकन तरुणानं साडेचार वर्षं खपून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचाच गेम आणला. कोड, चित्रं, संगीत, सगळं एकट्याचं. पोटापाण्यासाठी तो मधल्या काळात एका थिएटरमध्ये काम करायचा. नवशिके यातलं 'एकट्यानं' तेवढं वाचतात, 'साडेचार वर्षं' गाळतात. पी हळद नि हो गोरी, असं इथं होत नाही. म्हणूनच भाचीचं एकच अंगण मला शहाणपणाचं वाटतं. दुसरं अंगण काढायचं म्हणाली तर मीच अडवणार आहे.

पुढच्याच वर्षी काही डिझायनरांनी एकत्र बसून या प्रकाराची लक्षणं मांडली: सुरक्षितता, सुबत्ता, मृदुता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'चा नवा भाग आला आणि अशा गेम्सचं पेव फुटलं.

साधनंही तोवर आवाक्यात आली होती. अर्जेंटिनात जन्मलेलं गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, २०१४ साली सर्वांना फुकट खुलं झालं. केलेला गेम लोकांसमोर ठेवायला इच.आयओ ही वेबसाइट २०१३ पासून आहेच, तेही पैसे न भरता. आपली अडचण निराळीच होती, अक्षरांची. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत देवनागरीची जुळणी होत नसे. अक्षरं टाइप केली त्याच क्रमानं एकापुढे एक मांडली जायची. पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जायची, म्हणजे 'मिरज' लिहिलं की पडद्यावर 'मरिज'. 'कृष्णा'तला ष पाय मोडून उभा. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि जोडाक्षरं सरळ दिसू लागली. तोवर मराठी मजकूर चित्र म्हणून चिकटवणं हा एक उपाय होता. एक शब्द बदलला की चित्र पुन्हा.

भाचीला यातलं काही सोसावं लागलेलं नाही. तिची पाटी पहिल्याच दिवशी 'हरिपूर' अशी नीट उमटली. ती अडलीय हळकुंडावर. १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनात काढलं की आलं दिसतं. परवा रंग जरा गडद करून बघितला, तर गाजर झालं.