माळवदाचे लाकूड

माळवदाचे लाकूड : मराठवाड्यातील माळवदी (लाकडी सांगाड्यावर मातीचे सपाट छत असलेली) घरे व वाडे पाडताना निघणारे, सुतारकामाला पुन्हा वापरता येणारे इमारती लाकूड. बोलण्यात त्याला नुसते ‘जुनं लाकूड’ म्हणतात. मोडीत निघालेल्या बैलगाड्या, कारखान्यांतील पेट्या व पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी), जुनी दारे-चौकटी हेही याच नावाखाली येते. पण या भागात चांगल्या लाकडाचा मोठा साठा माळवदांचाच.

सागवानाचे नाव घेण्याजोगे रान मराठवाड्यात नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर पट्ट्यात आहे. इतरत्र बांधावरची बाभूळ, लिंब (कडुलिंब), चिंच, आंबा एवढ्यावर सुताराने दिवस काढले. औत, तिफण, गाडी बाभळीची. घराचा सांगाडा मात्र ऐपत असेल त्याने सागाचा केला, नसेल त्याने लिंबाचा किंवा बाभळीचा. त्यामुळे एकाच माळवदात तीन-तीन जातींचे लाकूड निघते. दर्शनी ढाळजेत (दाराजवळच्या बैठकीत) साग आणि मागच्या सोप्यात लिंब ही जोडी बऱ्याच घरांत दिसते. नुसता पुढचा खांब पाहून सगळ्या घराचा सौदा करणारा माणूस इथेच फसतो.

रचना समजली की काय मिळणार याचा अंदाज बांधता येतो. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर हात-हात अंतराने कड्या, कड्यांवर किलच (बारीक काटक्या-चिरफळ्या) किंवा फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही जाड थर. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर तीन खणांचे की पाच खणांचे, यावरून लाकूड किती निघेल हे जुना सुतार दारातूनच सांगतो. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून वर माती टाकायची रीत होती. थर वाढत गेले, आणि घराच्या डोक्यावरचे ओझेही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच ओझे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती हजारो माणसांच्या जिवावर उठल्या. लातूर व धाराशिव जिल्ह्यांतली गावेच्या गावे नव्या जागी वसवली गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपायची भीती बसली. लोकांनी माती उतरवून पत्रे घातले, पुढे ऐपतीप्रमाणे स्लॅब टाकला. घरकुल योजनांनीही जुनी घरे पाडण्याला वेग दिला. आज बाजारात येणारे जुने लाकूड या तीस वर्षांच्या उलथापालथीतून आलेले आहे. ते हातात घेताना ही गोष्ट विसरू नये, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

घरे पाडण्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगापर्यंत चालतो. शहरात व मोठ्या गावांत वाडा पाडण्याचा ठेका दिला जातो; ठेकेदार लाकूड आपल्याकडे घेतो आणि मालकाला रक्कम देतो किंवा पाडकामाची मजुरी त्यात वळती करतो. नक्षीचे खांब, महिरपी, दिंडी दरवाजे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे जातात. सरळ तुळया-कड्या कटाई मशीनवर जाऊन चौकटीचे लाकूड बनतात. आखूड तुकडे, फुटकी टोके, किलच हे सगळे जळतणात पडते. घरी लहानसहान काम करणाऱ्याला स्वस्त किंवा फुकट मिळणारा माल हाच. पाडकाम चालू असताना जाऊन ढिगारा उपसायला हात लावला, तर मालक सहसा नाही म्हणत नाही. ‘काका, ही टोकं नेऊ का?’ ‘न्या की, जळतणच हाय ते.’ पण दुसऱ्या दिवशी तेच तुकडे चुलीत गेलेले असतात, म्हणून वेळेला महत्त्व आहे.

एक काळजी मात्र हवी. वाडा बहुधा भावाभावांत सामाईक असतो. एकाने हो म्हटले म्हणून तुळई उचलली आणि वाटणीचे भांडण अंगावर आले, असे घडते. सगळ्यांसमक्ष बोलावे, पैसे दिले तर पावती घ्यावी. सागवानाच्या वाहतुकीवर वनखात्याची नजर असते. जुना माल गाडीत भरून दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा असेल तर घर पाडल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवावा आणि परवान्याबद्दल वनपरिक्षेत्र कार्यालयात आधीच विचारावे.

माळवद उतरवण्याचा क्रम चुकला तर लाकूडही जाते आणि माणूसही. आधी माती सगळीकडून सारखी काढायची, मग किलच, मग कड्या, मग तुळया, शेवटी खांब. एकाच बाजूची माती उपसली की सांगाडा कलतो. थरांत विंचू असतात. हात घालण्याआधी पहारीने उकरावे. तुळई खांबावर कुसवाने (खाचेत बसणाऱ्या लाकडी खुंटीने) बसवलेली असते, ती आडवी हिसकली तर टोक फाटते. खालून टेकू देऊन सरळ वर उचलावी.

पारख करताना पहिले लक्ष टोकांकडे. तुळईचे भिंतीत गाडलेले टोक ओल धरते आणि वाळवी तिथूनच लागते. पटाशीचे (सपाट छिन्नीचे) टोक रुतवून पाहावे. सहज आत गेले तर तेवढा भाग कापून टाकावा. बारीक भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर किडा अजून जिवंत आहे. तो बहुधा बाहेरच्या पांढऱ्या लाकडात असतो, सागाच्या गाभ्याला सहसा लागत नाही. सैपाकघरावरच्या कड्या चुलीच्या धुराने काळ्याकुळकुळीत झालेल्या असतात. पाहणारा त्यांना नाक मुरडतो, पण रंध्याचे दोन हात फिरवले की आतून मधाच्या रंगाचा साग निघतो. पिढ्यान्‌पिढ्या वाळलेले हे लाकूड नंतर पीळ खात नाही. नव्या लाकडात ही खात्री पैसे मोजूनही मिळत नाही. लिंबाला कीड कमी लागते, मात्र तो वाकतो. जुनी बाभूळ इतकी कठीण की करवतीचे दात बोथट होतात. गाडीच्या चाकाचा तुंबा (मधला गड्डा), आरे, पुठ्ठे (कडेचे वाकडे तुकडे) यांपासून हातोडीचे दांडे आणि ठोकळे उत्तम होतात.

खिळे हा मोठा शत्रू. लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे गंजून लाकडाच्या पोटात राहतात आणि वरून दिसत नाहीत. मशीनवर नेण्याआधी लोहचुंबक फिरवावे, पहार व जमुऱ्याने खिळे उपटावेत. मशीनवाला खिळ्याचा माल घेत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

खरेदी घनफुटावर होते. रुंदी व जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन गुणाकाराला १४४ ने भागायचे : ६ इंच × ४ इंच × ८ फूट म्हणजे सुमारे १.३३ घनफूट. खाचा, कुसवाची भोके, कुजकी टोके मापातून वजा करण्याची बोली आधीच करावी. जळतण म्हणून घेतले तर तोच माल वजनावर मिळतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चिखलठाणा इथल्या औद्योगिक वसाहतींभोवती पॅलेट आणि पेट्यांचे लाकूड मिळते. काचेची व टाइल्सची दुकाने, सौर पॅनेलचे गोदाम इथेही विचारावे. हे बहुतेक पाइन किंवा निलगिरी, फळ्या पातळ. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे गाभा ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवलेला. तो घरात वापरायला हरकत नाही. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेला. तो घेऊ नये. तेल-रसायनांचे डाग असलेलाही नको. फळ्या उपटल्या तर फाटतात, म्हणून सांध्यात हॅक्सॉचे पाते घालून खिळाच कापावा.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर (रुळांखालचे ओंडके) शेताच्या फाटकाला टिकतात, पण त्यांत क्रिओसोट हे विषारी तेल मुरलेले असते. घरात, पाळण्यात, ताटाखाली ते कधीही आणू नयेत, जाळूही नयेत. जुन्या रंगवलेल्या दारांबाबतही सावध राहावे : घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. असे दार कोरडे घासून धूळ उडवू नये, पाणी मारून ओले खरवडावे आणि खरवड गोळा करून बाजूला ठेवावी.

हाती आलेल्या तुकड्याची लांबी पाहून काम ठरवतात. दीड फुटाच्या टोकातून पोळपाट किंवा पाट, चार फुटांच्या कडीतून बाजेचे पाय, चौरंग, देवघराची चौकट. अखंड तुळई मिळाली तर तिचे तुकडे करण्याची घाई करू नये. तिला झोपाळ्याची पाटी किंवा लांब बाक करावे आणि कुसवाची खाच बुजवू नये. त्या खाचेत पूर्वीच्या सुताराच्या वाकसाचे (तासायच्या हत्याराचे) घाव अजून मोजता येतात.