काळ्या पडद्यावरून डेस्कटॉप सुरू करणे (लिनक्स)

लिनक्स संगणकावर खिडक्या, चिन्हे आणि माउसचा बाण असलेला डेस्कटॉप आपोआप आला नाही, तर टर्मिनलवर आज्ञा टाइप करून तो सुरू करण्याची आणि कुठे अडले ते शोधण्याची रीत. लिनक्समध्ये डेस्कटॉप मूळ प्रणालीत मिसळलेला नसतो. तो तिच्यावर चालणारा वेगळा प्रोग्राम असतो. तो कोसळला तरी फाइली, नेटवर्क आणि छपाईची व्यवस्था सहसा मागे चालू राहते. इंदुरात मात्र असा लॅपटॉप दुरुस्तीला नेला की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येते : ‘भिया, फॉर्मेट मारना पड़ेगा.’ तशी वेळ खरोखर फार थोड्यांदा येते.

या नोंदीत आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या रोमन लिपीतच, लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात. ‘डॉट’ किंवा ‘टिंब’ म्हणजे पूर्णविरामाचे चिन्ह, पुढच्या नावाला जोडूनच.

पार्श्वभूमी : पडद्यावर चित्र काढणारी एक्स विंडो प्रणाली एमआयटीत 1984 साली सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती 1987 मध्ये आली. तिच्यावर 1996 मध्ये केडीई आणि 1997 मध्ये नोम या डेस्कटॉपांचे काम सुरू झाले; जुन्या यंत्रांवर आजही चालणारा एक्सएफसीईही 1996 चाच. एक्सची जागा घेणारे वेलँड 2008 मध्ये सुरू झाले. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने 2016 मध्ये नोमसाठी ते मूळ पर्याय केले, केडीईने 2024 च्या प्लाझ्मा 6 मध्ये. म्हणून दुरुस्तीच्या जुन्या सूचना वाचताना त्या एक्ससाठी आहेत की वेलँडसाठी, हे आधी पाहावे.

डेस्कटॉप कसा उभा राहतो : आधी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) चढवतो. मग बाकीच्या सेवा सुरू करणारी सिस्टमडी ‘ग्राफिकल डॉट टार्गेट’ या टप्प्यावर येऊन लॉगिनचा पडदा दाखवणारा डिस्प्ले मॅनेजर सुरू करते. जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम हे त्याचे नेहमीचे प्रकार. पासवर्ड दिल्यावर त्या वापरकर्त्याचे सत्र सुरू होते. बिघाड यांपैकी कोणत्या पायरीवर आहे हे कळले की अर्धे काम झाले. लॉगिनचा पडदाच येत नसेल तर संशय ड्रायव्हर किंवा डिस्प्ले मॅनेजरवर. पासवर्ड घेऊन पुन्हा लॉगिनवरच आणून सोडत असेल तर तो बहुधा वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरवर.

टर्मिनल गाठणे व डेस्कटॉप सुरू करणे : कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबले की अक्षरांचे टर्मिनल येते; तेथे नाव व पासवर्ड द्यावा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ताराही उमटत नाही, हे नवख्याला घाबरवणारे असले तरी बरोबरच आहे. ‘सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर’ ही आज्ञा लॉगिनचा पडदा नव्याने उभा करते; ‘सुडो’ म्हणजे आज्ञा मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे. यंत्र मुद्दाम अक्षरांच्या टप्प्यावर ठेवले असेल, तर ‘सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल डॉट टार्गेट’ वापरतात.

डिस्प्ले मॅनेजर नसलेल्या यंत्रावर ‘स्टार्टएक्स’ चालते. ही एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती एक्स सर्व्हर उठवते आणि घरच्या फोल्डरातील ‘टिंब एक्सइनिटआरसी’ फाइल वाचते. त्या फाइलच्या शेवटच्या ओळीत डेस्कटॉपचे नाव असते, उदाहरणार्थ ‘एक्झेक स्टार्टएक्सएफसीई4’. त्या ओळीच्या शेवटी चुकून ॲम्परसँडचे (&) चिन्ह राहिले, तर डेस्कटॉप पार्श्वभूमीत ढकलला जातो, स्क्रिप्ट संपते आणि तिच्याबरोबर सर्व्हरही बंद होतो. पडदा क्षणभर उजळून विझला, तर पहिल्यांदा ही ओळ पाहावी. वेलँडचे सत्र टर्मिनलवरून थेट सुरू करता येते, केडीईसाठी ‘स्टार्टप्लाझ्मा-वेलँड’.

लॉगिनचा फेरा : पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिन. याची दोन कारणे वारंवार सापडतात. पहिले म्हणजे डिस्क भरलेली असणे. ‘डीएफ -एच’ लिहिल्यावर मुख्य विभागापुढे 100 टक्के दिसले, तर नवीन सत्राला आपली तात्पुरती फाइल लिहायलाही जागा उरलेली नसते. ईएक्सटी4 प्रकारच्या डिस्कवर साधारण 5 टक्के जागा मुख्य प्रशासकासाठी राखून ठेवलेली असते, त्यामुळे भरलेल्या यंत्रावरही टर्मिनलवरून सफाई करता येते. उबुंटू-डेबियनवर ‘सुडो एपीटी क्लीन’ पहिल्याच फटक्यात बरीच जागा मोकळी करते.

दुसरे कारण मालकीचे. कोणीतरी सुडो लावून डेस्कटॉप किंवा एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवतो आणि घरच्या फोल्डरातील ‘टिंब एक्सऑथॉरिटी’ (यातला एक्स मोठा) फाइल रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, नावावर जाते. ‘एलएस -एल’ आणि पुढे फाइलचे नाव लिहिले की ओळीच्या मध्यभागी मालकाचे नाव दिसते. तेथे आपल्याऐवजी दोनदा ‘रूट’ आले तर चोर सापडला. ‘सुडो सीएचओडब्ल्यूएन’ने मालकी परत आपल्या नावावर करावी, किंवा सुडो लावून ती फाइल सरळ पुसावी, पुढच्या लॉगिनला ती नव्याने बनते.

पावसाळ्याच्या तोंडाशी वीज अचानक गेली असेल तर तिसरी शक्यता उभी राहते : फाइल प्रणालीत दोष आढळल्याने डिस्क फक्त वाचण्यापुरती चढलेली असते. लक्षण तेच, फेरा. उपाय मात्र रिकव्हरी मोडमध्ये डिस्क तपासून दुरुस्त करणारी ‘एफएससीके’ चालवण्याचा. चालू, लिहिता येण्याजोग्या डिस्कवर ही आज्ञा चालवणे धोक्याचे असते.

कोणत्या बाजूला बिघाड आहे हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे : ‘सुडो ॲडयूजर’ने नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करावे. त्याला डेस्कटॉप मिळाला तर प्रणाली धड आहे आणि दोष जुन्या घराच्या फोल्डरात आहे. दुकानात जाण्याआधी एवढे तरी करावेच.

ड्रायव्हर : कर्नलचे अद्ययावतीकरण झाल्यावर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला गेला नाही, किंवा सिक्युअर बूट या सुरुवातीच्या सुरक्षा-तपासणीने सही नसलेला ड्रायव्हर नाकारला, की पडदा काळा राहतो. यंत्र सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत जुना कर्नल निवडणे हा सर्वांत कमी कष्टाचा उपाय. नाहीतर नोंदीवर ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडावे आणि एफ10 ने पुढे जावे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो.

नोंदवह्या : ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ या वेळच्या सुरुवातीपासूनच्या चुका दाखवते. एक्सची वही ‘व्हार-लॉग’ फोल्डरात किंवा, सर्व्हर साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असेल तर, घरच्या ‘टिंब लोकल’ फोल्डरात सापडते. तीत कंसातील दुहेरी ई असलेल्या ओळी चुकांच्या, दुहेरी डब्ल्यूच्या केवळ इशाऱ्यांच्या. इशारे चांगल्या यंत्रावरही असतात; त्यांच्यामागे धावू नये.

देवनागरीची अडचण : लिनक्सच्या अक्षरी पडद्याचा फाँट जास्तीत जास्त 512 आकृत्यांचा असतो आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय त्यात नाही. इंदुरातील मराठी घरांत संगणकाची भाषा कधी मराठी, कधी हिंदी ठेवलेली असते. लिपी एकच असल्याने दोन्हीकडे काळ्या पडद्यावर चुकांच्या ओळी चौकोन किंवा ठिपके होऊन येतात. आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ (नाव मोठ्या अक्षरांत, शेवटचा सीही मोठा) लिहिले की संदेश इंग्रजीत येतात. ‘डाउनलोड’, ‘दस्तऐवज’ अशी देवनागरी नावे असलेल्या फोल्डरांत शिरणे त्याहून जिकिरीचे, कारण ती नावे तेथे टाइपच करता येत नाहीत. डेस्कटॉप परत आल्यावर टर्मिनल उघडून ‘एलसी_ऑल=सी एक्सडीजी-यूजर-डर्स-अपडेट --फोर्स’ चालवल्यास या नेहमीच्या फोल्डरांची रोमन नावे तयार होतात आणि मेनू मात्र मराठीतच राहतात. जुन्या फोल्डरांतील फाइली नव्यांत हाताने हलवाव्या लागतात.